आ-बाईंच्या वीस काड्या

बाईंचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्या जगाला त्या आ-बाई. दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डाव्या हाताला जबड्याचा विभाग होता. तिथे त्या एकतीस वर्षं सिस्टर होत्या, आणि या एकतीस वर्षांत त्यांनी माणसांना सगळ्यात जास्त काय ऐकवलं असेल तर 'आ कर'. मोठ्यांना 'आ करा'. विभागाचे आत्ताचे मुख्य डॉक्टर तरुणपणी शिकायला आले होते, तेव्हा पहिल्याच दिवशी रक्त बघून बाईंच्या अंगावर कोसळले होते. बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर पाणी मारलं आणि सवयीने म्हणाल्या, "आ कर." डॉक्टरांनी केलं. पुढे डॉक्टरांचे केस पिकले, दारावर पाटी लागली, पण बाईंसमोर त्यांचा साहेबपणा कधी धड उभा राहिला नाही.

बाई माणसाशी बोलताना डोळ्यांकडे बघतच नसत, नजर थेट हनुवटीवर. बसमध्ये समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थाला त्या खुशाल विचारत, "लहानपणी पडला होतात का हो? डाव्या अंगावर?" तो बिचारा दचकून पाकीट चाचपायचा. बाईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अगदी मोजकं बोलणारे. ते सांगत, "आमची पहिली भेट झाली तेव्हा हिने माझा पगार विचारला नाही की घर विचारलं नाही. मी हसलो की दोन्ही बाजू सारख्या हसतात का तेवढं बघितलं आणि हो म्हणाली." बाईंचं यावर म्हणणं एवढंच, की पगार काय, कमीजास्त होतो. जबडा आयुष्यभर तोच.

आता हे वेड असं उगाच लागलेलं नव्हतं. मुलाचा जबडा म्हणजे मोठ्या माणसाच्या जबड्याचं लहान माप नव्हे. हाडाच्या आत पक्के दात पाळीची वाट बघत बसलेले असतात, त्यामुळे तिथे पट्ट्या आणि स्क्रू ठोकायची सोय नसते. हाड जुळतं मात्र भराभर, आणि तीच पंचाईत. मूल हनुवटीवर आपटतं, रक्त हनुवटीला येतं, टाके हनुवटीला पडतात. आणि मोडलेलं असतं वर, कानापुढच्या सांध्यात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्या सांध्याला दुखतंय म्हणून महिना-दोन महिने हलवलंच नाही, तर तो जुळताजुळता कवटीलाच चिकटून बसतो. मग तोंड उघडत नाही, हनुवटी वाढत नाही आणि चेहरा वर्षावर्षाला एका बाजूला कलत जातो. असा एक मुलगा बाईंनी पाहिला होता. टाके काढून गेला तो पाच वर्षांनी उगवला. वरखाली दातांमध्ये नखाएवढी फट उरलेली, आणि एक दात काढून केलेल्या भोकातून बोटाने घास आत सारत होता. त्याच्या बापाची काही चूक नव्हती. दर आठवड्याला यायचं तर त्याचा कामाचा दिवस बुडत होता. त्या दिवशी बाई चादरींच्या खोलीत जाऊन पोटभर रडल्या आणि बाहेर आल्या त्या एक योजना घेऊनच.

योजना अशी. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्यायच्या. एकावर एक रचून, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेवढ्या मावतील तेवढ्या बसवायच्या, दिवसातून पाच वेळा. आज नऊ मावल्या, तर आठवड्याने अकरा-बारा मावल्या पाहिजेत. आणि दर आठवड्याला हॉस्पिटलात येऊन दिवस मोडायचा नाही; सोमवारी अकरा वाजता फोन करून फक्त आकडा सांगायचा. महिन्याने एकदा दाखवायला यायचं. डॉक्टरांना हे पसंत नव्हतं. "बाई, डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं नाही," ते म्हणत. बाई म्हणत, "तुम्ही डोळ्यांनी बघणार कुणाला? येतंच नाही कुणी." आणि खरोखरच योजना लागू पडली. सोमवारी अकरा ते साडेबारा बाईंच्या टेबलावरचा फोन नुसता खणखणायचा. "बाई, चौदा!" "बाई, सतरा!" बाई भिंतीवरच्या तक्त्यात आकडे भरायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो तक्ता दाखवायच्या. विभागातले लोक गमतीने म्हणत, बाई सगळ्या गावात काड्या करतात. बाईंना त्याचाही अभिमानच होता.

अशात एके दिवशी एक सुतार आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीच्या डोक्यावरून हनुवटीखालून एक जाड लोकरी मफलर आवळून बांधलेला आणि वर डोक्यावर त्याची गाठ. मागे तिची आई, हातात दुधाचा थर्मास. मुलगी बारा दिवसांपूर्वी बापाच्या कारखान्यात फळ्यांच्या थप्पीवरून हनुवटीवर पडली होती. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चार टाके घातले, टाके सुकले, सगळं छान. फक्त मुलगी बोलत नव्हती.

"म्हणजे आधी बोलायची?" बाईंनी विचारलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "बाई, हिला आमच्या गल्लीत भोंगा म्हणतात," सुतार म्हणाला. "सकाळी ही उठली की शेजारचे घड्याळ लावतात. आता बारा दिवस घरात नुसती शांतता आहे. पहिले दोन दिवस, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. आता घर खायला उठतं."

"आणि हा मफलर?"

"मीच बांधला," आई म्हणाली. "मोडलेलं हाड हलता कामा नये ना? माझ्या भावाचा हात मोडला होता तेव्हा दीड महिना प्लास्टरमध्ये होता. म्हणून मीही हिला हलू दिलं नाही. सगळं मिक्सरमधून काढून स्ट्रॉने देते. बोलूसुद्धा देत नाही."

बाईंनी तो मफलर असा ओढून काढला की जणू पोरीच्या गळ्याला साप गुंडाळला होता. मग स्वतःलाच आवरलं. त्या आईने जे केलं होतं ते मायेनेच केलं होतं, आणि माया करणाऱ्या बाईला ओरडून काही साधत नाही, हे एकतीस वर्षांत त्या शिकल्या होत्या. "आ कर," त्या म्हणाल्या. भोंग्याने केलं. हनुवटी डावीकडे सरकली आणि तिथेच अडली. पट्टीवर चौदा मिलिमीटर. काड्या मावल्या नऊ. एक्स-रे फोटोत डावा सांधा मोडलेला दिसला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ऑपरेशन नको, मुलांचं हाड आपलं आपण आकार धरतं. दुखण्यावर औषध, थोडे दिवस मऊ खाणं आणि जबडा हलवायचा, रोज, दुखलं तरी. बारा दिवस आधीच फुकट गेले आहेत. बाईंनी नव्या काड्यांचं पुडकं सुताराच्या हातात ठेवलं, कार्ड लिहून दिलं आणि भोंग्याला म्हणाल्या, "पंचवीस काड्या झाल्या की तू सुटलीस." भोंग्याने बापाच्या खिशातली सुतारी पेन्सिल काढली, थर्मासला अडकवलेल्या लाकडाच्या तुकड्यावर काहीतरी लिहिलं आणि बाईंपुढे धरलं. 'बघू', असं लिहिलेलं होतं. बाईंना पोरगी आवडली.

पहिल्या सोमवारी अकराच्या ठोक्याला फोन. "बाई, अकरा!" दुसऱ्या सोमवारी, "बाई, चौदा!" तिसऱ्या सोमवारी सुताराचा आवाज आनंदाने फुटत होता, "सतरा!" बाईंनी तक्त्यात आकडे भरले आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय?" बाई म्हणाल्या, "काही नाही. सतरा." चौथ्या आठवड्यात मंडळी दाखवायला येणार होती. त्या दिवशी बाईंनी मुद्दाम शिकाऊ डॉक्टरांना बोलावून ठेवलं होतं. त्यांना दाखवायचं होतं, घरच्या घरी काय होतं ते.

मंडळी आली. भोंगा तसाच गप्प. सुताराने पिशवीतून एक डबी काढली. सागवानी, सरकत्या झाकणाची, आत मखमल, आणि मखमलीत वीस काड्या झोपवलेल्या. "वीस, बाई," तो हळूच म्हणाला. बाईंनी त्या एकावर एक रचल्या, पोरीच्या दातांत बसवल्या. वीसच्या वीस बसल्या. बाईंनी शिकाऊ डॉक्टरांकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी पट्टी लावली.

"पंधरा मिलिमीटर," डॉक्टर म्हणाले.

"पट्टी उलटी धरली असेल."

डॉक्टरांनी पट्टी सुलटी करून दाखवली. पंधरा.

"वीस काड्यांचे बत्तीस होतात," बाई म्हणाल्या. "मला पाढे येतात. तुमची पट्टी जुनी आहे." दुसरी पट्टी आणली. तीही पंधराच म्हणाली. शिकाऊ डॉक्टर खाली बघायला लागले. मग बाईंनी डबीतली एक काडी उचलली आणि खिडकीकडे धरली. काडीतून खिडकीचे गज दिसत होते.

ड्रॉवरमधली नवी काडी त्यांनी शेजारी धरली. एक होती काडी, दुसरी होती कागदाची चुलत बहीण. "हे काय केलंत?" त्यांनी विचारलं.

सुताराला वाटलं, कौतुक चाललंय. तो खुलला. "बाई, काय सांगू, पहिल्याच दिवशी हिच्या ओठात कुसळ गेलं. एवढं रक्त! असल्या खरखरीत काड्या मी माझ्या लेकीच्या तोंडात कशा घालू? म्हणून प्रत्येक काडीला बारीक पॉलिश पेपर मारला, दोन्ही अंगांनी. कडा गोल केल्या. आणि दिवसभर तोंडात राहून त्या फुगतात, केसाळ होतात, म्हणून रोज संध्याकाळी परत मारतो. एकही दिवस चुकवला नाही. गालावर फिरवून बघा, लागणार नाही."

त्या माणसाचा धंदाच तसा होता. त्याने केलेल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची विजार कधी उसवली नव्हती. आणि त्याने चार आठवडे, रोज संध्याकाळी, जीव ओतून, वीस काड्या अर्ध्याहून जास्त झिजवल्या होत्या. पोरीचं तोंड जिथे होतं तिथेच होतं. पुढे सरकत होता तो फक्त पॉलिश पेपर! शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाला हसू आवरेना, तो खोकत बाहेर गेला. सुतार सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने ती डबी अशी मिटली की बघवेना.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या विभागात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "तुम्ही सुतार आहात, तुम्ही घासणारच. मी बघायला हवं होतं. मी फोनवर आकडे ऐकत बसले." आणि त्यांनी उठून भिंतीवरचा तक्ता उलटा करून ठेवला.

डॉक्टर चिडले नाहीत, त्याचंच बाईंना जास्त लागलं. ते म्हणाले, दोन आठवडे देतो. दोन आठवड्यांत तोंड निदान तीस मिलिमीटरपर्यंत उघडलं तर ठीक. नाही तर सांधा चिकटायला लागलाय असं धरून भूल देऊन बघावं लागेल, आणि तसंच निघालं तर ऑपरेशन. नऊ वर्षांच्या पोरीच्या सांध्यावर सुरी लावायची, आणि त्यानंतरही परत चिकटण्याची भीती आहेच. आई रडायला लागली. भोंग्याने लाकडाच्या तुकड्यावर लिहिलं, 'रडू नकोस'.

बाईंनी एकतीस वर्षांत साठलेल्या रजेतली दोन आठवड्यांची रजा टाकली. अर्ज बघून कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून बाई सुताराच्या घरी हजर. बरोबर यजमान. त्यांना कशाला आणलं हे त्यांनी विचारलं नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणूस विचारत नाही.

खाली कारखाना, वर दोन खोल्या. वर जाऊन बघतात तर घरभर लाकडाचे तुकडे, आणि प्रत्येकावर हुकूम. 'पाणी'. 'पंखा'. 'हे नको'. 'ते का नाही?'. 'आई इकडे ये', हा तर इतक्या वेळा वापरलेला की अक्षरं काळी पडलेली. घरातली सगळी कुजबुजत बोलत होती, जणू पोरगी झोपली आहे. आई सफरचंद किसत होती. आणि भोंगा मधोमध गादीवर बसून, एकही शब्द न उच्चारता, दोन माणसांवर राज्य करत होता. बाईंना कळायचं ते कळलं. आधी दुखतं म्हणून तोंड बंद राहिलं. मग तोंड बंद ठेवून सगळं मिळतंय म्हटल्यावर उघडायचं कशाला? आणि उघडलं की दुखतं, ही भीती आत घट्ट बसलेली. मोठ्या माणसाचंही असंच असतं, फक्त आपण त्याला स्वभाव म्हणतो.

"या घरात आजपासून पेन्सिल बंद," बाई म्हणाल्या. "किसणी बंद. कुजबुज बंद. ज्याला जे पाहिजे ते त्याने तोंडाने मागायचं."

भोंग्याने तुकड्यासाठी हात लांब केला. बाईंनी तुकडा काढून घेतला. पोरीने दातओठ खाल्ले आणि तीन दिवस पाणीसुद्धा स्वतः उठून घेतलं. पण बाईंकडे औषध होतं. त्यांनी पिशवीतून लुडोचा पट काढला. भोंगा, आई, बाई आणि यजमान असा डाव बसला, आणि पहिल्याच फेरीत बाईंनी पाच पडले असताना सहा घरं मोजली.

पोरगी बघत राहिली. बाईंनी परत चार पडल्यावर सात मोजली, आणि वर तिची सोंगटी मारली. भोंग्याचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा बाईंनी यजमानांना डोळ्याने खुणावलं. यजमानांनी शाळेत छत्तीस वर्षं कॉपी करणारी पोरं पकडली होती. लबाडी त्यांना ओळखता येत होती, करता येत नव्हती. त्यांनी आपली सोंगटी उचलली, सगळ्यांदेखत थेट मधल्या घरात नेऊन ठेवली आणि म्हणाले, "मला वाटतं, मी जिंकलो."

"ला-बाड!" भोंगा ओरडला. खाली कारखान्यात करवत थांबली. सुतार जिन्याने धावत वर आला. पोरीने गाल धरला होता, डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं थांबत नव्हतं. "तुम्ही लबाड आहात, आणि ह्या पण लबाड आहेत, मोठी माणसं असून लाज नाही वाटत का?" यजमान कसनुसे झाले. घरी जाताना बसमध्ये ते म्हणाले, "मला असलं परत करायला सांगू नकोस." बाई म्हणाल्या, "उद्या दोनदा करायचं आहे."

इकडे सुताराने तीन दिवस कुणाशी न बोलता खाली काहीतरी चालवलं होतं. चौथ्या दिवशी तो वर आला आणि बाईंपुढे नव्या पट्ट्यांची चवड ठेवली. कठीण लाकडाच्या, कुसळ न धरणाऱ्या, प्रत्येक बरोबर दोन मिलिमीटर जाड, प्रत्येकीच्या टोकाला आकडा कोरलेला. "मोजून घ्या, बाई," तो म्हणाला. "आणि पॉलिश पेपरचा डबा मी शेजाऱ्याकडे ठेवलाय. मला माझा भरवसा नाही." बाईंनी एकेक पट्टी मोजली. एकीतही केसाचा फरक नव्हता.

रोज पाच वेळा पट्ट्या, आरशासमोर हनुवटी सरळ ठेवून तोंड उघडायचं, हाताने दाबून ताण द्यायचा, आणि रोज संध्याकाळी भांडण. मोजपट्टीवर सतरा मिलिमीटर झाले. एकोणीस. मग बावीस, तेवीस. आणि तेविसावर गाडी जी अडली ती अडलीच. पाच दिवस लुडोत घोर अन्याय करूनही पट्टी पुढे सरकेना. बाई रोज घरी येऊन जेवायला बसत आणि ताटाकडे बघत बसत. त्यांना भीती वाटत होती. तशी त्यांना आयुष्यात क्वचितच वाटली होती. हाडानेच वाट अडवली असेल तर लुडो खेळून काय उपयोग, आणि ती अडली असेल तर ते चार आठवडे कुणामुळे वाया गेले, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. यजमान एकदाच म्हणाले, "तू जेव." त्या जेवल्या.

ठरलेल्या दिवशी सगळे डॉक्टरांच्या खोलीत. भोंगा खुर्चीत ताठ बसलेला, मुठी आवळलेल्या. डॉक्टरांनी पट्टी लावली. "बावीस," ते म्हणाले. घरच्यापेक्षा एक कमीच. डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला, भूल द्यायच्या संमतीचा कागद काढला आणि पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा बाई बोलायला लागल्या. त्यांना सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं. तो कागद भरला जाऊ नये एवढ्यासाठीच त्या बोलत होत्या. त्यांनी आईबापाला बसवून घेतलं आणि सुरुवातीपासून सुरू केलं. मुलांचा सांधा कसा असतो, हनुवटी त्याच्या जिवावर कशी वाढते, ऑपरेशन होवो न होवो, दर सहा महिन्यांनी दाखवायला का आलं पाहिजे, एक बाजू मागे पडते आहे असं दिसलं तर दातांत बसवायचं साधन कसं असतं, ते कुणी बनवायचं, रोज किती तास लावायचं, पक्के दात कोणते कधी येतात, आधी कोणता, मग कोणता. डॉक्टरांनी दोनदा "बाई," म्हणून बघितलं. बाई दाढांपर्यंत पोचल्या होत्या, थांबणार नव्हत्या. पंख्याखाली ऊन आलं. सुतार मान हलवत होता. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली.

आणि खुर्चीतल्या भोंग्याला जांभई आली.

साधी नव्हे. कंटाळलेल्या मुलाची, मनापासूनची, सगळं अंग ताणून दिलेली जांभई. ओठ उघडले, दात उघडले, मागच्या दाढा दिसल्या, घसा दिसला. आईने सवयीने पटकन हात पुढे केला आणि पोरीच्या तोंडावर ठेवला. "मोठी माणसं बोलत असताना—"

"हात काढा!" बाई अशा ओरडल्या की बाहेर बाकावर बसलेले रुग्ण उठून उभे राहिले. "हात काढा आधी!"

तोवर जांभई मिटली होती. पण डॉक्टरांनीही पाहिली होती. ते पेन हातात घेऊन तसेच बसले होते. "हाड चिकटलेलं असतं तर हे झालं नसतं," ते हळूहळू म्हणाले. "बाई, आत काही अडलेलं नाही. ती घाबरून धरून ठेवते आहे. पट्टी लावली पाहिजे. परत येऊ दे."

आता जांभई काय हुकमावर येते? पोरगी म्हणाली, "नाही येत." बाईंनी क्षणभर विचार केला आणि तिच्यासमोर उभं राहून स्वतः भली मोठी जांभई दिली. ती खोटी होती, पण तिच्या मागोमाग खरी आली. ती सुताराला लागली. सुताराची आईला. आईने तोंडावर हात नेला आणि बाईंच्या धाकाने खाली घेतला. यजमान दारात छत्र्या सांभाळत उभे होते, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे जांभई दिली की चष्मा घसरला. सगळ्यात शेवटी डॉक्टरांनी दिली. शिकाऊ डॉक्टर फाइल घेऊन आत आले तर खोलीत पाच मोठी माणसं एका पोरीच्या तोंडावर आ वासून उभी. ते तसेच उलट पावली बाहेर गेले. भोंग्याने ओठ घट्ट मिटून ठेवले, नाकपुड्या फुगवल्या, डोळे मोठे केले, आणि शेवटी तिला राहवलं नाही.

डॉक्टरांची पट्टी तयारच होती. "चौतीस," ते म्हणाले. मग पट्टी तशीच धरून, "बंद कर. आता तू स्वतः उघड बघू. आत्ता उघडलं होतंस, काही झालं का?" पोरीने जरा विचार केला, गालाला हात लावून बघितला, आणि उघडलं. तेहेतीस. हनुवटी अजून किंचित डावीकडे जात होती, पण जात होती आणि परत येत होती.

डॉक्टरांनी कागद ड्रॉवरमध्ये परत ठेवला. सुतार खुर्चीत बसला होता तो आणखी खाली बसला. आणि आ-बाईंना रडू आलं. चादरींच्या खोलीपर्यंत जायला वेळच मिळाला नाही, तिथेच, सगळ्यांसमोर, नाक ओढत त्या रडल्या. यजमानांनी छत्र्या खाली ठेवल्या आणि रुमाल दिला.

भोंगा त्यांच्याकडे बघत होता. पोरीला वाटलं असावं, आपण यांचं बोलणं मध्येच तोडलं म्हणून यांना वाईट वाटलं. तिने बाईंचा पदर ओढला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा तिच्या मूळच्या आवाजात विचारलं, "सांगा ना पुढचं. अजून किती राहिलंय?"

बाईंनी नाक पुसलं. "तू सोळा वर्षांची होईपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून दाढांपासून पुढे सुरू केलं.